धाकट्याच्या गळ्याचा वस्तरा

१

दुपारी जेवायला वर जाताना दुकानाचं शटर पूर्ण खाली ओढायचं, निम्म्यावर ठेवायचं नाही, हा आप्पांनी घालून दिलेला नियम. निम्मं शटर दिसलं की गिऱ्हाईक वाकून आत शिरतं, "तुमचं सावकाश होऊ द्या, मी बसतो" म्हणतं, आणि मग वर बसलेल्या माणसाला घास गिळवत नाही. आप्पा जाऊन काही महिने झाले होते, पण शटर त्यांच्या शब्दाखातर रोज खाली येत होतं.

दुकान दाढीचं. पुढच्या खोलीत खुर्ची, आरसा आणि आप्पांचा धाकटा. मागच्या खोलीत दगड, पाणी आणि आप्पांची थोरली. धाकटा दाढ्या करायचा, थोरली वस्तऱ्यांना धार लावायची. त्याचा हात हलका आणि तोंड सदा चालू. तिचा हात जड आणि तोंडाला कुलूप. "दोघं मिळून माझा एक कारागीर होतो," असं आप्पा चारचौघांत सांगायचे आणि दोघांनाही राग आणायचे.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर लहान लहान खणांची फळी होती. कायमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा तिथे स्वतःचा वस्तरा. खुर्चीत घोरणाऱ्या मास्तरांचा एक, हनुवटीवर मस असलेल्या शिंप्याचा एक, असे. एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालाला लावायचा नाही, मग दुसरा कितीही घाईत असो. आप्पांचं म्हणणं, वर्षानुवर्षं एकाच चेहऱ्यावर फिरून आणि त्या चेहऱ्यासाठी दगडावर घासून पातं त्या माणसाचं होऊन जातं.

सगळ्यात खालच्या खणात धाकट्याचा वस्तरा होता. लहानपणी जिन्यावरून गडगडून त्याच्या जबड्याखाली डाव्या अंगाला एक खळगा राहिला होता. सरळ पातं त्या खळग्यावरून नुसतं पुढे निघून जायचं, केस तसेच. म्हणून आप्पांनी त्या एका वस्तऱ्याला पोट काढलं होतं, म्हणजे धार सरळ न ठेवता मधोमध किंचित फुगवली होती. सुट्टीच्या वारी, जेवण झाल्यावर, बंद दुकानात ते मुलाची दाढी करत. आता तो वस्तरा नुसता पडून होता आणि धाकट्याने दाढी वाढवली होती. दाढीच्या दुकानात दाढीवाला बघून गिऱ्हाइकं म्हणायची, दिव्याखाली अंधार. तोही हसून घ्यायचा.

त्या दुपारी थोरली जेवून खाली आली तेव्हा मागच्या खोलीतला पिवळा दगड ओला होता.

२

पिवळा हा तिच्याकडचा सगळ्यात मऊ दगड. डोंगरातून खणून काढलेला, कारखान्यात थापलेला नव्हे. बाकीचे दोन दगड राबणारे. शेवटचा हात मात्र पिवळ्याचा. त्यावर पाणी टाकायचं आणि त्याच्याच एका तुकड्याने हलकं घासायचं. त्या तुकड्याला घरात पिल्लू म्हणत. घासता घासता सायीसारखा पातळ लेप सुटायचा, ओल्या मातीचा वास यायचा, आणि त्या लेपावर वस्तरा आडवा टेकवून, धार पुढे करून सरकवायचा, पाठीवर उलटायचा, परत आणायचा. काम संपलं की ती पिवळा धुऊन पुसून भिंतीला उभा टेकवून ठेवायची. यात कधी खंड नाही.

आज दगड आडवा होता, त्यावर लेप अजून ओला होता आणि पिल्लू डाव्या बाजूला ठेवलेलं होतं. थोरली उजव्या हाताची. धाकटाही उजव्या हाताचा.

पहिला संशय धाकट्यावर गेला आणि लगेच परतही आला, कारण तो अख्खा वेळ तिच्यासमोर बसून आमटी अळणी झाल्याची कुरकुर करत होता. दुसरा संशय तिने स्वतःवर घेतला. विसरले असेन. माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, तसं झालं असेल. हे पटलं नाही, पण पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला जाण्याआधी तिने पिवळ्यावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारल्या. दगड सपाट आहे का हे बघायची ही धंद्यातली जुनी रीत. रेघा मारून घासलं की उंच जागेवरच्या रेघा आधी जातात, खोलगट जागेतल्या शेवटपर्यंत टिकतात. आज मात्र तिला सपाटी बघायची नव्हती. वर जाऊन तिने दोन घास कसेबसे ढकलले.

खाली आली तर कडेच्या रेघा जशाच्या तशा होत्या. डाव्या टोकाजवळ मात्र तळहाताएवढी जागा स्वच्छ घासली गेली होती. त्या जागेची कड सरळ नव्हती. थरथरत गेलेली होती.

तिने दगड फडक्यात गुंडाळला आणि समोरच्या सुताराकडे नेला. सुताराचं आयुष्य पटाशा घासण्यात गेलेलं. दगडाच्या बाबतीत तो फसायचा नाही.

"हे तुझं काम नाही," तो दगड उजेडात तिरका धरून म्हणाला.

"कशावरून?"

"तुझा हात रुळावरून जातो. हा माणूस चांगला मुरलेला आहे, कुठे दाबायचं ते त्याला बरोब्बर कळतं. पण हात कापतोय त्याचा." त्याने दगड परत दिला. "कुणाला ठेवलंयस कामाला? म्हातारं माणूस दिसतंय. त्याला म्हणावं, चहा कमी पी."

"सांगते," थोरली म्हणाली. आप्पा डावखुरे होते हे सुतारालाही ठाऊक होतं, पण तिने तो विषय काढला नाही.

३

तिसऱ्या दिवशी ती जेवलीच नाही. धाकट्याला वाढून दिलं आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसली. खाली दुकान बंद, शटरच्या फटीतून येणारा उजेड फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेला. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेली. वर धाकट्याने ताटात वाटी आपटली.

मग पाणी पडल्याचा आवाज आला. थोडंसंच पाणी, बोटांवरून ठिबकवल्यासारखं. त्यामागून पिल्लू घासल्याचा आवाज. मग पातं.

दगडावरच्या पात्याचा आवाज तिला स्वतःच्या श्वासाइतका ओळखीचा होता. सुरुवातीला खरखर, लेप पातळ होत गेला की सळसळ, आणि शेवटी धार जमली की आवाज जवळजवळ बंद होतो, पातं दगडाला चिकटून चालतं. खालचा हात घाई करत नव्हता. एका बाजूला सरळ जायचा, परत येताना मात्र पातं दगडावर बारीक टकटकायचं, कापणाऱ्या बोटांतून चहाची बशी वाजते तसं. हात मग थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा लागायचा.

ती उठली. "उंदीर असेल," ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली, आणि उंदराने वस्तऱ्याला धार लावावी हे आपण बोललो कसं, याचं तिला त्या घडीलाही हसू आलं. तिने दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. पिवळ्यावर धाकट्याचा वस्तरा पडला होता, पोट काढलेला, ओला. तिने तो उचलून मनगटावरच्या केसांशी नेला. केस पात्याला टेकायच्या आधी तुटले. तिने जन्मात अशी धार लावली नव्हती, आणि आप्पांनीही शेवटच्या वर्षात लावली नव्हती.

तिला भीती वाटली ती धारेची. बोथट वस्तरा घेऊन हात थरथरला तर खरचटतं. धारेचा वस्तरा आणि तो हात एकत्र आले तर काय होतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आप्पांनी धाकट्याची शेवटची दाढी केली तेव्हा निम्मा चेहरा झाला असताना हात उडाला आणि कानाखाली कापलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणाले, "आणखी नखभर खोल गेलं असतं तर माझ्याकडे आणायची गरज पडली नसती." त्यानंतर आप्पांनी वस्तरा हातात धरला नाही, आणि पंधरवड्यात ते गेले.

४

संध्याकाळी दुकान आवरताना तिने धाकट्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो खिल्ली उडवेल. तो खुर्चीच्या हातावर टेकून, टॉवेलची घडी करत ऐकत राहिला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मला पण ऐकू येतं, ताई. वर जेवताना. म्हणून तर बडबडतो मी, तुझं लक्ष जाऊ नये म्हणून."

थोरलीने हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"अर्धी दाढी राहिली होती," तो म्हणाला. "त्यांनी वस्तरा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि तसेच मागे निघून गेले. नंतर माझ्या तोंडाकडे बघत नव्हते ते. शेवटपर्यंत नाही बघितलं. कामात जन्म गेला माणसाचा आणि अर्धी दाढी टाकून जावं लागलं. ती पुरी करायला आलेत."

"आणि हात?"

"हात आहे तसा आहे."

"गळा चिरेल तुझा."

"कापलं तेव्हासुद्धा मी हललो नव्हतो," धाकटा म्हणाला. "बापाने बस म्हटलं तर बसायचं. सुट्टीच्या वारी बसणार आहे मी."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. लहानपणी दिलीही असती. आता तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता, आणि त्याच्या डोळ्यांत वेड नव्हतं, नुसती माया होती. वेड असतं तर बांधून ठेवता आलं असतं.

"मी बसू देणार नाही," ती म्हणाली.

"बघू."

तिने बोलण्यात वेळ घालवला नाही. त्याच संध्याकाळी वस्तऱ्याची धार रांगड्या दगडावर उभी धरून ओढली आणि पार मारून टाकली. दुसऱ्या दुपारनंतर धार पुन्हा तशीच होती. तिने वस्तरा नेऊन पुलावरून पाण्यात टाकला. त्यानंतरच्या दुपारी पिवळ्यावर मास्तरांचा वस्तरा पडलेला दिसला, आणि मास्तरांच्या सरळ धारेला पोट सुटायला लागलं होतं. तिने तिन्ही दगड सुताराच्या माळ्यावर ठेवून दिले. जिन्यावर बसून ऐकलं तर खालून सळसळ येतच होती. दार उघडलं. मागच्या खिडकीचा दगडी उंबरा ओला होता आणि त्याच्या डाव्या टोकाकडे नवा खळगा पडला होता. मास्तरांचा वस्तरा त्यात चपखल बसला होता.

तिने दगड परत आणले. खिडकीवर घासलेलं पातं अंगाला लागावं, हे तिच्यातल्या कारागिराला सहन होईना.

सुट्टीचा वार उद्यावर आला होता. धाकट्याने कात्रीने दाढी बारीक करून घेतली होती, वस्तऱ्याआधी गिऱ्हाइकाची करतात तशी.

५

रात्रभर विचार करून डोकं भणाणलं आणि सकाळी चहा गाळताना तिला सुचलं. आपण नुसतं मोडत बसलो. मोडलेलं तो हात पुन्हा करणारच. काम दिसलं की ते पुरं केल्याशिवाय आप्पांना राहवायचं नाही. मग मोडायचं कशाला, बदलायचं.

एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावायचा नाही. आप्पांनी जन्मात हा नियम मोडला नव्हता. पातं धाकट्याचं राहिलं नाही तर ते धाकट्याला लागणार नाही. आणि पातं जिचं होईल तिच्या गळ्याला आप्पा वस्तरा लावणार नाहीत. मुलीच्या वेणीचं टोक कापतानाही त्यांचा जीव खालीवर व्हायचा. कुणीही बाप लावणार नाही. हा हिशेब तिने पुन्हा पुन्हा घासून पाहिला आणि तो तिला पक्का वाटला.

"वस्तरा फिरवायच्या पट्ट्याचं चामडं चिरलंय, नवं घेऊन ये," असं सांगून तिने धाकट्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं.

"जेवायच्या आत येतो," तो म्हणाला. "आज चुकवायचं नाही."

"नको चुकवू."

तो गेला आणि ती मागच्या खोलीत बसली. समोर हातआरसा उभा केला, केस वर बांधले, मान उघडी केली. स्वतःचा गळा तिने इतक्या बारकाईने कधी पाहिलाच नव्हता. जबड्याखाली भरीव, मधे घाटी, उजव्या अंगाला एक शीर जरा वर आलेली. मास्तरांचा वस्तरा बोथट पाठीकडून मानेला लावून ती कुठे टेकतो, कुठे उडतो ते बघायची आणि पिवळ्यावर परत जायची. धाकट्यासाठी सुटलेलं पोट आधी घासून सरळ केलं. मग टाचेकडे, म्हणजे मुठीजवळ, किंचित उतार, टोकाकडे गोलाई. दगडाला खळगा पडला की रेघा मारून तो सपाट करायचा आणि पुन्हा बसायचं. पाठ भरून आली, बोटांची टोकं लेपाने पांढरी झाली. ती उठली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गालांसाठी घासलं होतं. आज पहिल्यांदा स्वतःचं माप घेत होती, आणि काम उत्तम होत होतं. याचा तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

फक्त डाव्या कानाच्या मागे, जिथे मान केसांत जाते, तिथलं तिला आरशात काही केल्या दिसेना. तिथे पातं कसं बसतं ते कळायला दुसऱ्या माणसाचे डोळे हवेत. तेवढं तिने अंदाजाने सोडून दिलं. वस्तरा पिवळ्यावर ठेवला, शटर खाली आहे ना ते बघितलं आणि ती वर गेली.

ताट समोर घेऊन बसली. खालून पाणी पडल्याचा आवाज आला, मग पिल्लू, मग पातं. पातं थोडंसं चाललं आणि थांबलं. खाली पूर्ण शांत झालं.

ती वाट बघत राहिली. पुन्हा काही वाजेना. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. ओळखलं त्यांनी, तिच्या मनात आलं, ओळखलं आणि ठेवून दिलं. तिला एकदम आप्पांची इतकी आठवण आली की घास तोंडातच राहिला, आणि ती रडली. मग तोंड धुऊन खाली उतरली.

६

पिवळा धुऊन, पुसून, भिंतीला उभा टेकवलेला होता. त्यावर वस्तरा नव्हता.

तो पुढच्या खोलीत होता, आरशाखालच्या फळीवर, स्वच्छ नॅपकिनावर आडवा. तिने उचलला आणि खिडकीपाशी नेऊन पाहिला. टाचेकडचा उतार तिचा, टोकाची गोलाई तिची. आणि धारेचा तो एक भाग, जो तिने अंदाजाने सोडला होता, आता पुरा झालेला होता. तिने वस्तरा डाव्या कानामागे पाठीकडून टेकवला. तो त्या जागी असा बसला की त्याचा गारवा तेवढा कळला, स्पर्श कळलाच नाही.

ती जागा तिला स्वतःला कधी दिसली नव्हती. ज्याने तिला लहानपणी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं, त्याला ती माहीत होती.

फळीवरच्या वाटीत फेस केलेला होता आणि त्यातून वाफ निघत होती. खुर्ची धाकट्याच्या उंचीला लावलेली असायची. आज ती बरीच वर घेतलेली होती, बुटक्या गिऱ्हाइकासाठी घेतात तेवढी. खुर्चीच्या हातावर चादर घडी करून ठेवली होती. हिशेबात एकच चूक झाली होती. मुलीच्या गळ्याला वस्तरा लावणार नाही तो बाप. पण मागच्या खोलीत रोज दुपारी जे दमत, थांबत काम करत होतं, त्याला मुलगा, मुलगी यातलं आता किती उरलं होतं कुणास ठाऊक. त्याला काम उरलं होतं.

बाहेर कुलपात किल्ली फिरली. शटर वर गेलं आणि धाकटा आत आला, काखेत चामड्याची गुंडाळी, शर्टाची वरची बटणं आधीच सोडलेली. त्याने शटर मागे पूर्ण खाली ओढून घेतलं. वळला आणि त्याला वाफ दिसली.

"आले," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला, आणि तो खुर्चीकडे निघाला.

पळून जायला जागा होती. जिना मोकळा होता, मागचं दार होतं. ती गेली असती तर खुर्ची रिकामी राहिली असती, फेस गरम होता, धार तयार होती, आणि रिकाम्या खुर्चीत कोण बसलं असतं हे तिच्यासमोर बटणं सोडून उभं होतं. वस्तरा त्याच्या मापाचा नाही, हे त्या हाताला आज आठवेल की नाही यावर आता तिची एका पैशाची पैज नव्हती.

तिने वस्तरा नॅपकिनावर होता तसा ठेवला. दोन पावलांत खुर्ची गाठली, चढून बसली, चादर ओढून मानेभोवती घेतली आणि मागे स्वतःच घट्ट गाठ मारली.

"ताई, ऊठ." धाकट्याचा आवाज बदलला होता. "ताई, ते माझ्यासाठी आलेत."

"माझा नंबर आहे," थोरली म्हणाली. "तू बाकावर बस. आणि काही झालं तरी हात मधे घालू नकोस. मधे हात घातला की दचकतात ते."

तो बाकापर्यंत गेला. धपकन बसला.

तिने डोकं मागे टेकवलं. समोरचा आरसा वाफेने धुरकटला होता. त्यात तिची पांढरी चादर दिसत होती, वर तिची मान, आणि मानेच्या डाव्या बाजूला एक मनगट. मनगटाच्या पुढे बोटं, नखांत पिवळ्याचा लेप. बोटं थरथरत होती. बाकी सगळी वाफ होती.

ब्रश कानामागे टेकला. फेस ऊन होता. फळीवरून वस्तरा उचलला गेला तेव्हा त्याची मूठ कडेला दोनदा वाजली, आणि बाकावर धाकट्याने हुंदका गिळला.

थोरलीने खुर्चीचे हात पकडले, मान ताणून एकदम स्थिर धरली, दगड धरतात तशी.

"सावकाश, आप्पा," ती म्हणाली. "मला घाई नाही."